चाळीतून टॉवरमध्ये जाताना शेजाराचे काय?

बंधुभगिनींनो, 14 ऑगस्ट 2025 रोजी मुंबईत वरळीच्या बीडीडी चाळींतील, म्हणजे शंभर वर्षांपूर्वी सरकारने कामगारांसाठी बांधलेल्या चाळींतील, 556 कुटुंबांना नव्या घरांच्या चाव्या मिळाल्या. 160 चौरस फुटांच्या एका खोलीतून ही माणसे 500 चौरस फुटांच्या, स्वतःचे संडास-न्हाणीघर असलेल्या मालकीच्या घरात गेली. नायगावला आणि ना. म. जोशी मार्गावरही याच पुनर्विकास योजनेचे काम चालू आहे, आणि गिरणगावातल्या इतर जुन्या चाळी आज ना उद्या याच वाटेने जाणार आहेत. क्षेत्रफळ, देखभालीसाठीचा कॉर्पस निधी, पार्किंग, संक्रमण शिबिर या विषयांवर आपल्या वस्त्यांमधून पुष्कळ सभा झाल्या आणि त्या व्हायलाच हव्या होत्या. मला आज बोलायचे आहे ते शेजाराबद्दल, कारण तो करारनाम्यात कुठे लिहिलेला नसतो आणि त्याची जबाबदारी कोणावरही टाकलेली नसते.

चाळीत माणुसकी होती आणि टॉवरमध्ये ती उरणार नाही, असे सर्रास बोलले जाते. मला हे म्हणणे पटत नाही, आणि का पटत नाही ते या चाळींच्याच इतिहासावरून सांगतो. गव्हर्नर सर जॉर्ज लॉइड यांच्या कारकिर्दीत, 1920 मध्ये, बॉम्बे डेव्हलपमेंट डिपार्टमेंट, म्हणजेच बीडीडी, हे सरकारी खाते स्थापन झाले. कामगारांसाठी 50,000 खोल्या बांधायच्या, असा त्याचा संकल्प होता आणि त्यासाठी शहरात येणाऱ्या कापसावर कर बसवण्यात आला. प्रत्यक्षात उभ्या राहिल्या 207 चाळी : वरळीला 121, नायगावला 42, डिलाईल रोडला (आजचा ना. म. जोशी मार्ग) 32 आणि शिवडीला 12. तळमजला अधिक तीन मजले, आणि प्रत्येक चाळीत 80 खोल्या. सुरुवातीला कामगार तिथे राहायलाच तयार नव्हते. काँक्रीटच्या भिंती, अपुरा उजेड, पाण्याची अडचण, आणि वरळीच्या बाबतीत गिरण्यांपासूनचे अंतर, यांमुळे कित्येक खोल्या वर्षानुवर्षे ओस पडून होत्या. इतक्या की सविनय कायदेभंगाच्या काळात वरळीच्या चाळींचा सत्याग्रहींसाठी तात्पुरता तुरुंग म्हणून वापर झाला. ज्या इमारतींकडे लोक पाठ फिरवत होते, त्याच इमारतींमध्ये पुढच्या दोन-तीन पिढ्यांनी आपण आज ज्याची आठवण काढतो तो शेजार घडवला. तो भिंतींबरोबर आलेला नव्हता.

मग तो घडला कसा? बीडीडी चाळीची रचना आपल्यापैकी अनेकांनी आतून पाहिलेली आहे. मधून लांबलचक पॅसेज, दोन्ही बाजूंना समोरासमोर दारे आणि मजल्यावर सामाईक संडास. खोलीत एका कोपऱ्यात मोरी, वर पोटमाळा, आणि या दोहोंच्या मध्ये सात-आठ माणसांचा संसार. इतक्या जागेत घर मावतच नसे, म्हणून ते पॅसेजमध्ये येई : पाण्याची पिंपे, चपलांचे स्टँड, गहू निवडणाऱ्या बायका, दहावीचा अभ्यास करणारी मुले, रात्रपाळीहून येऊन तिथेच सतरंजी टाकणारे पुरुष. पॅसेज सर्वांचा असल्यामुळे त्याचे नियम सर्वांना मिळूनच ठरवावे लागत. संडासाची सफाई, दिव्याचा बल्ब, पाण्याची वेळ, लग्नाचा मांडव कधी आणि किती दिवस, यांतला कोणताही प्रश्न चार दारे ठोठावल्याशिवाय सुटत नसे. भिशी, गणपतीची वर्गणी, गावकऱ्यांच्या खोल्या, अंत्ययात्रेची तयारी, या सगळ्यांचा कारभार त्याच सवयीतून उभा राहिला. 18 जानेवारी 1982 रोजी गिरण्यांचा संप सुरू झाला आणि पगार बंद झाले, तेव्हा असंख्य घरांना शेजारच्या घरांनी आणि वाण्याच्या उधारीने तगवले. तो आधार एका दिवसात निर्माण झाला नव्हता.

याची दुसरी बाजूही तितक्याच स्पष्टपणे सांगितली पाहिजे. संडासाच्या रांगेत उभे राहण्याची लाज आणि आजार बायकांनी सोसले. एकांत कोणालाच नव्हता, नव्या सुनेला तर मुळीच नव्हता. जातीच्या रेषा चाळींच्या क्रमांकांवरून ओळखता येत, आणि जानेवारी 1974 मध्ये वरळीच्या याच चाळींत दलित आणि सवर्ण रहिवाशांमध्ये दंगल पेटली. त्यामुळे चाळ गेली म्हणून हळहळणाऱ्या माणसाने तिथे पहाटे पाणी कोण भरत होते, हे आधी आठवावे. 500 चौरस फुटांचे घर हा या कुटुंबांचा हक्क होता आणि तो त्यांना फार उशिरा मिळाला, असे माझे ठाम मत आहे.

आता 40 मजली इमारतीकडे पाहू. दार बंद केले की घर पूर्ण होते, त्यामुळे शेजाऱ्याच्या दाराशी जाण्याची गरज पडत नाही. पण सामाईक गोष्टी कमी झाल्या आहेत का? उलट त्या वाढल्या आहेत. लिफ्ट, पाण्याचे पंप, सांडपाण्याचे शुद्धीकरण, अग्निशमन यंत्रणा, जनरेटर, पार्किंग. फरक एवढाच की चाळीतली सामाईक गोष्ट आपण हाताने सांभाळत होतो आणि ही पैसे देऊन सांभाळायची आहे. बीडीडीच्या इमारतींची देखभाल पहिली 12 वर्षे म्हाडा, म्हणजे राज्याचे गृहनिर्माण प्राधिकरण, करणार, असे जाहीर झालेले आहे. माझ्या दृष्टीने ही 12 वर्षे शिकण्याची आहेत. या काळात रहिवाशांनी कारभारात लक्षच घातले नाही, तर तेराव्या वर्षी एकाएकी मोठे मेंटेनन्सचे बिल हाती पडेल, हिशेब कोणालाच कळणार नाही, आणि ज्यांना ते बिल झेपणार नाही ती कुटुंबे घर भाड्याने देऊन बदलापूर-विरारची वाट धरतील. वस्ती मोडते ती अशी, एकेका घराने.

म्हणून माझा आग्रह सोसायटीच्या सर्वसाधारण सभेविषयी आहे. ही सभा दरवर्षी 30 सप्टेंबरपर्यंत घ्यावी लागते, आणि बहुतेक ठिकाणी ती कोरम, म्हणजे किमान उपस्थिती, नसल्यामुळे अर्धा तास तहकूब होऊन, मग पंधरा-वीस पुरुषांत उरकली जाते. चाळीत चार दारे ठोठावून जे काम होत होते, ते आता या सभेत व्हायला हवे. प्रत्येक मजल्यामागे दोन प्रतिनिधी ठरवावेत, त्यांतली एक बाई असावी, कारण पाण्याची आणि स्वच्छतेची तक्रार सर्वात आधी तिलाच कळते. जमाखर्च दर महिन्याला मराठीत लिहून लिफ्टजवळच्या फलकावर लावावा. आणि पॅसेजमध्ये ज्या मुलांनी अभ्यास केला, त्यांच्या धाकट्या भावंडांसाठी एक अभ्यासिका रात्री अकरापर्यंत उघडी ठेवावी. सोसायटीच्या कार्यालयाच्या आणि सभागृहाच्या जागेचा वापर कसा करायचा, हे रहिवाशांनी पहिल्याच वर्षी ठराव करून ठरवले नाही, तर ती जागा आधी अडगळीची आणि मग कुणा एकाची होते. ज्या सोसायट्यांची पहिली सभा अजून व्हायची आहे, त्यांनी विषयपत्रिकेत हा विषय पार्किंगच्या आधी घ्यावा.