पन्नास हार

(दृश्य: पहाट. किल्ल्याचा चढ. दगडात कोरलेलं लहानसं देऊळ.)

ग्वाल्हेरच्या किल्ल्यावर चढताना वाटेत हे चतुर्भुज मंदिर लागतं. एकाच कातळातून कोरून काढलेलं, इ.स. 876 मधलं. लोक इथे शून्य बघायला येतात. भिंतीवरच्या शिलालेखात 270 आणि 50 असे आकडे आहेत आणि त्यांतली ती इवलीशी वर्तुळं आता जगभर प्रसिद्ध झाली आहेत.

आपण शून्य बाजूला ठेवू. आकडे कशाचे आहेत ते बघू. 270 हात लांब आणि 187 हात रुंद अशी एक बाग. आणि देवाला 50 हार. रोज.

(दृश्य: लष्करातला जुना वाडा. माडीवर अंथरलेला मोठा कागद. पेन्सिल धरलेला हात.)

1810 मध्ये दौलतराव शिंद्यांच्या फौजेचा तळ पडला, म्हणून या भागाचं नाव लष्कर. त्याच लष्करातल्या या माडीवर चार मुलं दर रविवारी जमतात. फासे, कागद आणि गप्पांवर चालणारा एक खेळ ती रचताहेत, मराठीतून. त्यासाठी लागणारं अख्खं जग ती स्वतःच उभं करताहेत. नद्या झाल्या, घाट झाले. अडलं ते जादूपाशी.

पहिल्या वहीत प्रत्येक मंत्राला गुण होते. अग्निमंत्राला पाच, अदृश्य होण्याला आठ. गुण संपले की झोपायचं, सकाळी पुन्हा भरलेले. मोबाइल चार्जिंगला लावावा तसं. ती वही आता माडीच्या कोपऱ्यात पडून आहे. कॅमेरा तिच्यावर थोडा जास्त वेळ थांबलाय, ते मुद्दामच.

(दृश्य: वहीचं नवं पान. वर ठळक अक्षरांत, ‘हार कशासाठी?’)

कारण एकीने विचारलं, ते 50 हार नुसते शोभेचे नसतील तर? त्यांनी काहीतरी धरून ठेवलं असेल तर?

तिथून जग फिरलं. आता नकाशात किल्ल्याच्या वर एक तलाव आहे. त्याचा बांध मातीचा, केव्हाच फुटायला हवा होता असा. तो देव धरून आहे आणि देवाला धरून आहेत 50 हार. या जगात जादूगार नावाचा माणूसच नाही. माळी आहे, हार ओवणारी आहे, मोजून घेणारा कारकून आहे, पुजारी आहे. जादू या सगळ्यांच्या हातून थोडी थोडी होते. आपली जादू एकट्याची आहे हे त्यांच्यातल्या कुणालाच म्हणता येत नाही.

(दृश्य: देवघर. समई. आजी पोथीचं पान उलटताना.)

याच घरात श्रावणात नवनाथांचं पारायण होतं. मुलांनी नियम तिथूनही उचलले. मच्छिंद्रनाथांना शाबरी विद्या आली, तरी तेवढ्याने भागलं नाही. एकेका देवतेला गाठून वर मिळवावा लागला. म्हणजे मंत्र चालतो तो कुणीतरी शब्द दिलाय म्हणून.

आणि ती भस्माची गोष्ट. नाथांनी दिलेलं भस्म बाईने शंका येऊन उकिरड्यावर टाकलं. बारा वर्षांनी नाथ परत आले, हाक मारली आणि त्याच उकिरड्यातून गोरक्षनाथ बाहेर आले. तिचा विश्वास नव्हता, तरी भस्म चाललं! मग विश्वास लागतो तो कुणाचा? देणाऱ्याचा, घेणाऱ्याचा, की भस्माला स्वतःचंच काही असतं? यावर तीन रविवार गेले. शेवटी वहीत लिहिलं गेलं ते असं: शंका घेतली तर जादू मरत नाही, उशिरा पोचते.

नवस म्हणजे उधारी, हे मात्र आजींनी एका वाक्यात मिटवलं.

(दृश्य: मोहम्मद गौस यांची कबर. दगडी जाळीतून फरशीवर पडलेलं ऊन.)

हे ऊन बघा. अशी जाळी कोरणाऱ्या हातांना काय म्हणावं?

इथे विसावलेले मोहम्मद गौस सोळाव्या शतकातले, शत्तारी पंथाचे सूफी. ईश्वराच्या नावांचा जप आणि ग्रह यांची सांगड घालणारा ‘जवाहिर-ए-खम्सा’ हा ग्रंथ त्यांचा. ‘अमृतकुंड’ या योगग्रंथाला त्यांनी फारसीत आणलं, तो अनुवाद ‘बहर-उल-हयात’ म्हणून ओळखला जातो. योग्यांचा श्वास सूफींच्या भाषेत! खेळात त्यावरूनच नियम आला: मंत्र भाषा बदलू शकतो, फक्त दोन्ही दारं ओळखणारा गुरू हवा.

शेजारीच तानसेन आणि ते चिंचेचं झाड. पानं चावली की गळा गोड होतो म्हणतात. आमच्या ध्वनिमुद्रकानेही चावली. निवेदन मीच करतोय.

(दृश्य: ड्रोन. मितावलीचं गोल देऊळ, वरून.)

ग्वाल्हेरपासून साधारण 40 किलोमीटरवर, मितावलीचं चौसष्ट योगिनी मंदिर. मधल्या अंगणाभोवती खोल्यांचं कडं. नाव योगिनींचं, पण आज खोल्यांत शिवलिंगं आहेत. मुलांच्या नकाशात हे देऊळ अगदी कडेला आहे आणि खोल्या रिकाम्या आहेत. हार थांबलेल्या देवता तिथे राहायला जातात.

(दृश्य: रात्र. दिव्याखाली फासे पडताना, जवळून.)

पहिला डाव. कारकुनाच्या भूमिकेतल्या मुलाने हार मोजले, 49 भरले आणि त्याने वहीत 50 लिहिलं. बांध फुटला, खालची तीन गावं गेली.

(दृश्य: सकाळ. फुलबाजार. झेंडूत सुई घालणारे हात. इथे निवेदन नाही, बाजाराचाच आवाज.)

(दृश्य: पुन्हा माडी. कोरा कागद.)

पुढचा डाव हार ओवणारीच्या बाजूने खेळायचा ठरलाय. तिला रोजचे किती मिळतात, यावर वाद चालू आहे.