नाव न घेता ग्रिनिच

[दृश्य: जुनं पॅरिस, कृष्णधवल चित्रफीत]

9 मार्च 1911. फ्रान्समध्ये एक कायदा झाला. त्याचा गाभा एका वाक्यात मावतो: फ्रान्स आणि अल्जीरियाची कायदेशीर वेळ म्हणजे पॅरिसची सरासरी वेळ, नऊ मिनिटं एकवीस सेकंद मागे घेतलेली.

ही नऊ मिनिटं एकवीस सेकंद आली कुठून? पॅरिसच्या वेधशाळेतून जाणारं रेखावृत्त लंडनच्या ग्रिनिच वेधशाळेच्या पूर्वेला सव्वादोन अंशांहून थोडं जास्त अंतरावर आहे. पृथ्वीला एक अंश फिरायला चार मिनिटं लागतात. गुणाकार करून पाहा. पॅरिसच्या वेळेतून तेवढं वजा केलं की हातात येते ग्रिनिचची वेळ. म्हणजे इंग्रजांची वेळ फ्रान्सने घेतली, पण कायद्यात ग्रिनिच हे नाव औषधालाही नाही.

[दृश्य: वॉशिंग्टन परिषदेचं छायाचित्र]

या हट्टाचं मूळ सत्तावीस वर्षं मागे आहे. ऑक्टोबर 1884, वॉशिंग्टन. जगाने शून्य रेखांश कुठला मानायचा, हे ठरवायला 25 देशांचे प्रतिनिधी जमले होते. कॅनडाचे रेल्वे अभियंते सँडफर्ड फ्लेमिंग यांनी आकडे मांडले: जगातली 72 टक्के जहाजवाहतूक ग्रिनिचपासून रेखांश मोजते. फ्रान्सतर्फे उभे राहिले ज्यूल जान्सेन. हे खगोलशास्त्रज्ञ आपल्याकडे येऊन गेले होते. 1868 चं खग्रास सूर्यग्रहण त्यांनी गुंटूरला पाहिलं, आणि सूर्याच्या ज्वाळांचा वर्णपट ग्रहण सुटल्यावरही पाहता येतो हे तिथेच दाखवून दिलं.

जान्सेन यांचं म्हणणं होतं की शून्य रेखावृत्त तटस्थ असावं. युरोपातून नको, अमेरिकेतूनही नको. तर्क म्हणून हे बिनतोड होतं. पण खलाशांच्या हातात नकाशे आधीच छापून गेले होते, आणि छापलेल्या नकाशापुढे तर्काचं काय चालणार? ग्रिनिचच्या बाजूने 22 मतं पडली. विरोधात सान डोमिंगोचं, म्हणजे आजच्या डोमिनिकन प्रजासत्ताकाचं, एक. फ्रान्स आणि ब्राझील तटस्थ राहिले.

गंमत पाहा. ग्रिनिचचं रेखावृत्त खुद्द फ्रान्सच्या जमिनीवरून जातं. नॉर्मंडीच्या किनाऱ्यावर व्हिलेर-स्यूर-मेरजवळ ते समुद्रातून वर येतं आणि थेट पिरेनीज पर्वतापर्यंत जातं.

[दृश्य: रेल्वे स्थानक, भिंतीवरचं घड्याळ]

वॉशिंग्टनहून परतलेल्या फ्रान्सने 1891 मध्ये पॅरिसची वेळ सगळ्या देशाला लागू केली. तोवर गावागणिक माध्यान्ह वेगळी. ब्रेस्ट पॅरिसच्या सत्तावीस मिनिटं मागे, नीस वीस मिनिटं पुढे. रेल्वेने तर आणखी एक वेळ काढली होती. स्थानकाच्या बाहेरचं घड्याळ पॅरिसची वेळ दाखवायचं, आतलं पाच मिनिटं मागे असायचं. उशिरा आलेल्या प्रवाशाला गाडी मिळावी, म्हणून. सगळ्यांना ठाऊक असलेली सूट ही सूट कशी, हे मात्र विचारायचं नाही! 1911 मध्ये ही पाच मिनिटंही गेली. 10 मार्चच्या मध्यरात्री फ्रान्सची घड्याळं नऊ मिनिटं एकवीस सेकंद थांबवली गेली.

पुढे 1940 मध्ये जर्मन फौजांनी पॅरिसला बर्लिनची वेळ लावली. युद्ध संपलं, पण फ्रान्सचं घड्याळ आजही हिवाळ्यात ग्रिनिचच्या एक तास पुढेच असतं.

[दृश्य: आयफेल टॉवर, बिनतारी संदेशाचा आवाज]

रेखावृत्त हातचं गेलं, पण फ्रेंच स्वस्थ बसले नव्हते. 1910 पासून आयफेल टॉवरवरून बिनतारी वेळसंकेत जाऊ लागले. भर समुद्रातल्या जहाजांना घड्याळ लावायला पॅरिस हवं झालं. 1912 मध्ये पॅरिसलाच वेळेसंबंधी आंतरराष्ट्रीय परिषद भरली आणि त्यातून निघालेलं वेळेचं आंतरराष्ट्रीय कार्यालय पॅरिसच्या वेधशाळेत आलं. माझ्या मते हा सौदा फ्रान्सने जिंकला. वेळ मोजायची ग्रिनिचपासून, पण ती बरोबर आहे की नाही हे सांगणार पॅरिस.

अणुघड्याळं आली तेव्हा जुना वाद पुन्हा निघाला, या वेळी तीन अक्षरांवरून. या घड्याळांवर चालणाऱ्या जगाच्या प्रमाणवेळेचं, म्हणजे समन्वित वैश्विक वेळेचं, लघुरूप इंग्रजीप्रमाणे सीयूटी होतं, फ्रेंचप्रमाणे टीयूसी. अखेर ठरलं यूटीसी. इंग्रजीच्या क्रमात बसत नाही, फ्रेंचच्याही नाही. म्हणूनच दोघांना चाललं.

[दृश्य: सेव्र, पाव्हियाँ द ब्रतय]

1978 मध्ये फ्रान्सने 1911 चं ते वाक्य कायद्यातून काढलं आणि वेळ यूटीसीला जोडली. त्याच वर्षी ब्रिटनच्या संसदेने कायद्यांच्या अर्थासंबंधी एक कायदा केला. त्यात कायदेशीर वेळ म्हणजे ग्रिनिचची सरासरी वेळ, ही जुनी व्याख्या कायम राहिली. तिथे ती आजही आहे. पण ब्रिटनचा अधिकृत रेडिओ वेळसंकेत चालतो यूटीसीवर.

आणि यूटीसीचा हिशोब होतो पॅरिसला लागून असलेल्या सेव्र गावात, वजनमापांच्या आंतरराष्ट्रीय कार्यालयात. देशोदेशीच्या चारशेहून अधिक अणुघड्याळांची नोंद तिथे येते. दर महिन्याला तिथून एक पत्रक निघतं. लंडनजवळच्या टेडिंग्टनच्या प्रयोगशाळेचं घड्याळ किती नॅनोसेकंद पुढे-मागे होतं, ते त्यात छापलेलं असतं. दिल्लीचंही असतं.