पात्यातले चिरोटे

टेबलावर सात चाकू मांडलेत. सगळे घडीचे, खिशात मावणारे. यातल्या एकानेही मी आजवर आंबा चिरलेला नाही, हे आधीच कबूल करतो, म्हणजे नंतर कोणी विचारायला नको. आमच्याकडे आंबा विळीवरच चिरतात.

हा पहिला बघा. पात्यावर पाण्याच्या लाटांसारख्या रेघा आहेत. याला बाजारात दमास्कस म्हणतात, आणि बघणारा हमखास विचारतो, ही नक्षी कोरली कशी? कोरलेली नाहीच. ज्यांच्या घरी दिवाळीत चिरोटे होतात त्यांना हे समजावायला धातुशास्त्र लागत नाही. पोळ्या लाटायच्या, मध्ये साटा लावून एकावर एक ठेवायच्या, गुंडाळी करून कापायची आणि हलकं लाटणं फिरवायचं. तळताना सुटलेले पदर आधीपासून आतच असतात. इथे पोळ्यांच्या जागी दोन जातींचं पोलाद. एक १०९५ नावाचं, त्यात कर्ब साधारण ०.९५ टक्के. दुसरं १५एन२०, त्यात निकेल सुमारे २ टक्के. दोन्हीच्या पट्ट्या आलटून पालटून रचायच्या, वर टाकणखार टाकायचा, भट्टीत पांढरट पिवळ्या होईपर्यंत तापवायच्या आणि घणाखाली एकजीव करायच्या. टाकणखार तोच, सोनार डाग देताना वापरतो तो. तापलेल्या लोखंडावर जमणारा मळ तो विरघळवून बाहेर काढतो. मळ आत राहिला तर तिथे जोड धरत नाही, आणि हे बहुतेक वेळा कळतं ते शेवटी पातं घासताना, आठवडाभराची मेहनत झाल्यावर.

मग ठोकळा लांबवायचा, तोडायचा, पुन्हा रचायचा. सात थरांनी सुरुवात करून सहा वेळा दुप्पट केले की ४४८ थर होतात. पण थर नुसते सपाट राहिले तर वरून फारसं काही दिसत नाही. म्हणून ठोकळ्यावर आडव्या खाचा पाडून तो पुन्हा ठोकून सपाट करतात, त्यातून शिडी उमटते. खाचांऐवजी उथळ भोकं पाडली की पावसाचे थेंब. तापलेल्या सळईला पीळ दिला की ताऱ्यांसारखी वळणं. शेवटी पातं फेरिक क्लोराइडच्या आम्लधर्मी द्रावणात बुडवायचं. कर्बवालं पोलाद काळवंडतं, निकेलवालं चकाकत राहतं, आणि मग कुठे नक्षी डोळ्यांना दिसते.

धारेला याचा फायदा काय? माझ्या मते, नावालाच. चांगल्या एकजिनसी पोलादाचं नीट पाणी दिलेलं पातं तितकंच कापतं, कधी जास्तच. पैसे जातात ते घणाला आणि वाया गेलेल्या ठोकळ्यांना. अमेरिकेत ही कला जवळजवळ विसरली गेली होती. १९७३ मध्ये विल्यम मोरन या लोहाराने चाकूकारांच्या प्रदर्शनात असे चाकू मांडले आणि मग अनेकांनी भट्ट्या पेटवल्या.

नकली माल ओळखायचा कसा, ते मी फसून शिकलो. एका प्रदर्शनातून मोठ्या हौसेने चाकू घेतला. पातं काय, लखलखीत काळं-पांढरं! घरी त्याची पाठ, म्हणजे धारेसमोरची जाड कड, बघितली तर कोरी. रेघा पात्याच्या दोन्ही अंगांवर, पाठीवर एकही नाही. खऱ्या पात्यात थर आरपार असतात, रेघा पाठीवरून पलीकडे उतरतात. बारीक सँडपेपर फिरवला, तर नक्षी पुसून खालचं साधं स्टील वर आलं. खरी नक्षीही घासल्यावर पुसट होते, पण पुन्हा आम्लात बुडवली की परत येते. माझी काही आली नाही. तो सातवा, कोपऱ्यातला. मुद्दाम ठेवलाय.

‘दमास्कस’ या नावाखाली दोन वेगळ्या गोष्टी खपतात. जुन्या तलवारींचं वूट्झ नावाचं पोलाद थर देऊन होत नसे. मुशीत वितळवलेल्या एकाच गोळ्यातून ते घडे, आणि नक्षी आतल्या कार्बाइडच्या (लोखंड आणि कर्बाच्या संयुगाच्या) कणांच्या ओळींमुळे उमटे. ते आपल्या दक्षिण भारतातलं, तेलंगण, कर्नाटक, तमिळ मुलखातलं. मुंबईचा धागाही आहे. डॉ. हेलेनस स्कॉट यांनी इथून त्याचे नमुने लंडनला धाडले आणि १७९५ मध्ये जॉर्ज पिअर्सन यांनी रॉयल सोसायटीत त्यावर निबंध सादर केला. शीर्षकातच ‘मुंबईत तयार होणारं पोलाद’ असं आहे. मुंबई बहुधा नुसतं रवानगीचं बंदर असावं, पण शीर्षक वाचून मला बरं वाटतं, ते खोटं कशाला बोलू?

आता मुठी. हा खडबडीत तपकिरी चाकू जुना, इंग्लंडमधल्या शेफील्डचा, मूठ सांबराच्या शिंगाची. सांबराचं शिंग बरंच आतपर्यंत भरीव असतं. पुष्कळ हरणांच्या शिंगात गाभा स्पंजासारखा, कापून पट्टी केली की भुसभुशीत. म्हणून शेफील्ड आणि अमेरिकेचे कारागीर आपल्याकडच्या शिंगासाठी टपलेले असत. १९९०च्या दशकाच्या शेवटी भारताने निर्यात बंद केली, आणि तिकडे जुन्या साठ्याचे भाव चढले.

ही पिवळसर मूठ मॅमथच्या, म्हणजे नामशेष झालेल्या केसाळ हत्तीच्या सुळ्याची, सैबेरियाच्या गोठलेल्या मातीतून निघालेली. हत्तीच्या दातापासून ती ओळखायची तर आडव्या छेदावर भिंग धरा. एकमेकींना छेदणाऱ्या बारीक रेघांची जाळी दिसते. बाहेरच्या कडेजवळ त्यांचा कोन ९० अंशांहून कमी असेल तर मॅमथ, ११५ अंशांहून जास्त असेल तर हत्ती. मधला आकडा आला तर भिंग खाली ठेवा आणि चाकूही घेऊ नका.

शिंपल्याची मूठ दिसायला सगळ्यांत देखणी, पण फरशीवर पडली की गेली. मायकार्टा तसा स्वस्त, कापड आणि राळ दाबून केलेला, मुळात विजेच्या कामासाठी काढलेला. घामाने तो गडद होत जातो, म्हणून खिशात रोज ठेवायचा चाकू मी त्याचाच घेतो.

आता एकेक पुढे देतो. मूठ धरा, पात्याला बोट लावू नका, १०९५ला घामाने गंज चढतो. तेलाचा फडका इथे ठेवलाय. आणि सातवा कोणता ते शेजाऱ्याला सांगू नका, त्याने पाठ आपली आपण बघू दे.