ट्रेनिंग नको, असं सांगण्याची नोकरी

(नागपुरातील एका वाचनालयाच्या उन्हाळी व्याख्यानमालेतील भाषणाचं संपादित शब्दांकन)

नमस्कार. मागे ऐकू येतंय का? कूलर जरा हळू केला तर बरं होईल. नको, राहू द्या. बंद केला तर तुम्ही उठून जाल आणि मे महिन्यातल्या नागपूरकराला त्याबद्दल कोणी दोष देणार नाही.

बाहेरच्या फलकावर विषय लिहिलाय, ‘इन्स्ट्रक्शनल डिझाइन आणि तंत्रज्ञान : करिअरची उद्दिष्टं’. समोर इंजिनिअरिंगची मुलं दिसताहेत, डीएड-बीएड करून थांबलेल्या दोन-चार ताई दिसताहेत, एचआरमधली मंडळी आहेत आणि पहिल्या दोन रांगांत निवृत्त काका लोक आहेत, ते कुठल्याही विषयाला येतात, त्यांचे विशेष आभार. करिअरबद्दल मी बोलणार आहे, आयोजकांना शब्द दिलाय. पण आधी माझी एक जुनी तक्रार ऐकून घ्यावी लागेल. फार वेळ घेणार नाही. (हशा.) जे मला ओळखतात ते हसले.

हे काम काय असतं, ते एका वाक्यात सांगतो. नोकरी करणाऱ्या माणसाला त्याचं काम नीट करता यावं म्हणून काय शिकवायचं, किती, कुठल्या क्रमाने, कशातून आणि ते आलं की नाही हे कसं ताडायचं, हे ठरवणारा माणूस म्हणजे इन्स्ट्रक्शनल डिझायनर. माझ्या सासूबाईंना मात्र अजून वाटतं, मी कॉम्प्युटर क्लास चालवतो. लग्नांमध्ये मीही तेच सांगतो, लवकर सुटका होते.

गंमत अशी की या धंद्यासाठी नागपूरसारखं गाव नाही. आपण संत्र्यांचं गाव म्हणून मिरवतो, पण हे ट्रेनिंगचंही गाव आहे. देशभरातले आयकर अधिकारी नोकरीला लागले की छिंदवाडा रोडवरच्या प्रत्यक्ष कर अकादमीत येतात. राष्ट्रीय अग्निशमन महाविद्यालय 1956 साली रामपूरला सुरू झालं आणि पुढच्याच वर्षी इथे आलं. शेती खात्याच्या अधिकाऱ्यांसाठी वनामती आहे. वेकोलि, म्हणजे वेस्टर्न कोलफिल्ड्स ही सरकारी कोळसा कंपनी, तिचं मुख्यालय इथे, आणि खाणीत उतरणाऱ्या माणसाला 1966 च्या नियमांप्रमाणे आधी व्यवसाय प्रशिक्षण द्यावंच लागतं. इथल्या प्रत्येक कोळसा कामगाराला ‘व्हीटीसी’ ही तीन अक्षरं, म्हणजे व्यवसाय प्रशिक्षण केंद्र, माहीत असतात. त्यात कोराडी, मौद्याची वीजकेंद्रं आणि बुटीबोरी, हिंगणा, मिहानमधले उद्योग धरा. एवढ्या लोकांना या गावात रोज कोणीतरी काहीतरी शिकवत असतं. ते शिकवणं आखतो कोण? बहुतेक ठिकाणी मागच्या वर्षीची पीपीटी. तारीख बदललेली. काही ठिकाणी तीही नाही.

आता तक्रार.

हिंगण्याकडचा एक कारखाना. नाव सांगणार नाही. मागे एक गृहस्थ आत्ताच सावरून बसले, पण तुमचा नाही, निश्चिंत राहा. अ‍ॅल्युमिनियमचं डाय-कास्टिंग. वितळलेला धातू साच्यात दाबाने भरायचा, थंड झाला की हाउसिंग, म्हणजे यंत्राचं बाहेरचं कवच, बाहेर काढायचं, तपासायचं. खराब निघालं तर ते का खराब, हे टॅबवर नोंदवायचं. ब्लो होल, पिन होल, कोल्ड शट, असली कारणं असतात. साधी गोष्ट. पण दर महिन्याच्या अहवालात रिजेक्शनचं सगळ्यात मोठं कारण एकच यायचं : ‘इतर’.

मला बोलावणं आलं. एसी केबिन, चहा, बिस्किटं. साहेब म्हणाले, आमच्या लोकांना डिफेक्ट ओळखताच येत नाहीत, एक ई-लर्निंग मॉड्यूल पाहिजे. चाळीस मिनिटांचं. मराठीत आणि हिंदीत. अ‍ॅनिमेशन, क्विझ, शेवटी सर्टिफिकेट. त्यात हेल्मेट घातलेला एक कार्टून मुलगा असणार होता आणि त्याचं बारसंही उरकलेलं होतं : क्वालिटी कुमार. मेडिकलच्या दुकानात जाऊन ‘पिवळी गोळी द्या’ म्हणावं, तसं लोक आमच्याकडे ट्रेनिंग मागतात. दुखतंय कुठे, हे विचारलं की त्यांना राग येतो.

मी म्हटलं, एक रात्रपाळी बघू द्या. साहेबांना ते विचित्र वाटलं. दिवसा या म्हणाले, दिवसा सगळे असतात. मी म्हटलं, सगळे असतात म्हणूनच रात्री येतो.

रात्री तपासणीच्या टेबलाशी उभा राहिलो. तिथे एक वयस्क कामगार होते, मी त्यांना काका म्हणत होतो. हाउसिंग उचलायचं, दिव्याखाली फिरवायचं, ठेवायचं. एक बाजूला काढलं. म्हटलं, काका, हे का काढलं? ते म्हणाले, “हे पाहा जी, ही रेघ. कोल्ड शट आहे. दोन्हीकडून माल आला, पण मधात जुळलाच नाही.” मला ती रेघ दाखवूनही दिसायला वेळ लागला. मग माझ्या देखत त्यांनी टॅबवर नोंद केली, आणि नोंद गेली ‘इतर’.

म्हटलं, काका, आत्ताच तर तुम्ही कोल्ड शट म्हणालात.

ते शांतपणे म्हणाले, “साहेब, हातमोजे घालून तुम्हीच दाबून दाखवा न.”

घातले. हे कापडाचे हातमोजे नाहीत हो, हात कापू नये म्हणून असतात ते, जाड. स्क्रीन हलेना. कारणांची यादी इंग्रजीत, लांबलचक, बोटाने सरकवत खाली जायचं. बोट लागतच नाही तर सरकवणार काय? हातमोजे काढावेत, तर सेफ्टीवाला नाव लिहून घेतो. मग या लोकांनी काय युक्ती काढली होती, तर बाही वर करायची आणि उघड्या कोपराने दाबायचं. कोपराने एकच बटण नीट लागतं, खालचं ते मोठं, ‘सबमिट’. आणि कारण निवडलंच नाही तर त्या सॉफ्टवेअरने आधीपासून काय भरून ठेवलेलं? ‘इतर’.

(हशा.) हसा, पण अहवाल तयार करणारे, तो वाचणारे आणि त्यावर मीटिंग घेणारे, यांतल्या एकानेही तो कोपर पाहिलेला नव्हता.

मी लिहून दिलं. ट्रेनिंगची गरज नाही. यादी छोटी करा, नेहमीच्या पाच कारणांची मोठी बटणं करा, ‘इतर’ आधीपासून भरलेलं ठेवू नका. साहेब म्हणाले, सॉफ्टवेअर मुख्यालयाचं आहे, बदलाचा अर्ज करावा लागेल. अर्ज झाला. तो अजूनही कुठल्यातरी टेबलावर असेल. दरम्यान तिथल्या सुपरवायझरने सीताबर्डीवरून टचस्क्रीनची एक स्वस्तातली काडी आणली आणि दोऱ्याने टेबलाला बांधली. ‘इतर’ची संख्या खाली आली. मग ऑडिट आलं. ऑडिटर म्हणाले, कामाच्या जागी लोंबता दोरा चालणार नाही. काडी गेली, ‘इतर’ परत आलं.

आणि मॉड्यूल? ते झालंच. 31 मार्चच्या आत पैसे खर्चायचे होते. मी नाही म्हटलं, तर दुसऱ्या कोणीतरी करून दिलं. क्वालिटी कुमारसकट. सूचना फलकावर लागलं, ‘पूर्णता 100 टक्के’. काही महिन्यांनी काका मला बसस्टॉपवर भेटले. म्हणाले, “सर्टिफिकेट भेटलं जी. बटण कधी भेटते?”

हे ‘पूर्णता 100 टक्के’ येतं कुठून, तेही पाहून घ्या, कारण तंत्रज्ञान हा विषयाचा अर्धा भाग आहे. 2000 साली अमेरिकी संरक्षण खात्याच्या एका उपक्रमातून स्कॉर्म नावाचं मानक आलं. हेतू चांगला होता : एका ठिकाणी केलेला कोर्स दुसऱ्या कुठल्याही प्रणालीत चालावा. आज जगभर ते चालतं. पण त्यातून कारखान्याकडे साधारण काय पोचतं? कोर्स उघडला, पूर्ण केला, इतके गुण, इतका वेळ. माणूस ‘पुढे, पुढे, पुढे’ दाबत गेला तरी पूर्ण. 2013 मध्ये एक्सएपीआय हे पुढचं मानक आलं, त्यात कोर्सच्या बाहेरचं, प्रत्यक्ष कामावरचंही नोंदवता येतं. पण मोजायचं काय, हे तुम्हालाच ठरवावं लागतं. तिथेच गाडी अडते.

बरं, हे मी काही नवीन सांगत नाही. 1959 मध्ये डोनाल्ड कर्कपॅट्रिक यांनी प्रशिक्षणाचं मोजमाप चार पायऱ्यांत मांडलं : आवडलं का, शिकला का, कामात वागणं बदललं का, संस्थेला फळ मिळालं का. आपण साठ वर्षांहून जास्त काळ पहिल्या पायरीवर चहा पीत बसलोय. फीडबॅक फॉर्मवर लोक काय लिहितात? ‘जेवण चांगले होते.’ 1970 मध्ये रॉबर्ट मेगर आणि पीटर पाइप यांनी एक कसोटी दिली, ती लिहून घ्या : जिवावर बेतलं तर हे काम त्याला जमेल का? जमत असेल, तर ज्ञान कमी नाही, भानगड दुसरीकडे आहे. आमच्या काकांना जमत होतं. 1978 मध्ये थॉमस गिल्बर्ट यांनी तर सरळ सांगितलं की आधी माणसाच्या भोवतालचं बघा, त्याला माहिती मिळते का, साधनं धड आहेत का, नीट काम करण्यात त्याचा काही फायदा आहे का. माणसाच्या डोक्यात हात घालायचा तो त्यानंतर.

त्याच्याही आधी, दुसऱ्या महायुद्धात, अमेरिकेत कारखान्यांत नवखी माणसं भरावी लागली, तेव्हा फोरमनच्या खिशात मावेल असं एक कार्ड दिलं होतं. माणसाला तयार करा, काम दाखवा, त्याच्याकडून करवून घ्या, नंतर लक्ष ठेवा. चार पायऱ्या. आणि खाली एक ओळ, अर्थ असा की कामगार शिकला नसेल तर शिकवणाऱ्याने शिकवलंच नाही. युद्धानंतर हेच जपानला गेलं, टोयोटाने उचललं. आपल्याकडे कामगार शिकला नाही, तर त्याला तेच ट्रेनिंग परत देतात. हिंदीत.

चिठ्ठी आली. ‘दहा मिनिटे.’ नाही, ‘सात मिनिटे’ आहे, अक्षर सुंदर आहे. म्हणजे करिअर सात मिनिटांत.

तर मुलांनो, पटपट. मुलाखतीत विचारतात, पाच वर्षांनी कुठे असाल? सगळे सांगतात, स्टोरीलाइन शिकेन, कॅप्टिव्हेट शिकेन (ही कोर्स बनवायची सॉफ्टवेअर), मग टीम लीड होईन. सॉफ्टवेअर शिका, त्याशिवाय पहिली नोकरी मिळणार नाही. पण ते उद्दिष्ट म्हणून सांगू नका, सॉफ्टवेअर दर दोन वर्षांनी बदलतं. शिवाय क्विझ आणि स्लाइड आता एआय चहा होईपर्यंत काढून देतं. ज्याचं काम एवढंच आहे, त्याची खुर्ची हलते आहे, हे खोटं बोलून लपवण्यात अर्थ नाही. पहिलं एक-दीड वर्ष स्टोरीबोर्ड, म्हणजे कोर्सचा पडद्यागणिक कच्चा आराखडा, लिहायला द्या. जाणकाराशी बोलून, त्याच्या दोनशे स्लाइडमधल्या एकशे ऐंशी गाळता आल्या पाहिजेत आणि तरी तो तुमच्यावर रुसता कामा नये. हे अवघड आहे. निवृत्त इंजिनिअरांची स्लाइड गाळून बघा. (पहिल्या रांगेत हशा.)

त्यानंतर एक क्षेत्र धरा. ऊर्जा, खाण, रेल्वे, दवाखाने, बँक, काहीही, पण एक. सगळ्यांसाठी सगळं करणारे ढीगभर आहेत. खाणीतली सुरक्षा कळणारा डिझायनर शोधायला गेलं तर लवकर सापडत नाही, आणि खाणी आपल्या दाराशी आहेत. सरकारी बाजूही बघा : 2020 साली मिशन कर्मयोगी मंजूर झालं, आयगॉट नावाच्या मंचावर सरकारी नोकरांसाठी कोर्स येताहेत, ते कोणीतरी आखावेच लागतात. पाचव्या वर्षाचं उद्दिष्ट म्हणाल तर हुद्दा सांगू नका. असं सांगा की कोणी ट्रेनिंग मागितलं तर ते हवंय की नको, हे शोधून काढण्याचे पैसे मी घेईन. परदेशात या कामाला वेगळं पद आहे, परफॉर्मन्स कन्सल्टंट. आपल्याकडे पद नसेल, काम आहे.

शिक्षण. औपचारिक हवं असेल तर मुंबईत एसएनडीटी विद्यापीठात शैक्षणिक तंत्रज्ञानाचा विभाग आहे, संशोधनात जायचं तर आयआयटी मुंबईत या विषयात पीएचडी होते. घरी बसून करायचं तर मूडल ही ऑनलाइन कोर्स चालवायची प्रणाली फुकट आहे, उतरवून घ्या, स्वतः एक कोर्स टाकून बघा. अ‍ॅडी वगैरे मॉडेल वाचा. ते 1975 मध्ये फ्लोरिडा स्टेट विद्यापीठात सैन्यासाठी तयार झालं. विश्लेषण, आराखडा, निर्मिती, अंमल, मूल्यमापन. परीक्षेत पाचही लिहा. नोकरीत पहिल्यासाठी वेळ मागून घ्या, तो कोणी आपणहून देत नाही.

डीएड-बीएडवाल्या ताईंनी बिचकू नये. तुम्हाला शिकवता येतं, उद्दिष्ट लिहिता येतं. तुमचा कमी पडणारा भाग एवढाच की मोठा माणूस वर्गातल्या मुलासारखा ऐकत नाही, त्याला सोमवारी सकाळी काय उपयोग, ते आधी सांगावं लागतं.

आणि पोर्टफोलिओ. चकचकीत कोर्स ठेवतातच सगळे. त्यात एक कागद असा ठेवा : कुठल्यातरी खऱ्या कामाचा, एका पानाचा, भिंतीवर लावता येईल असा. तुमच्या वडिलांच्या दुकानातल्या नव्या पोराला जीएसटीचं बिल कसं काढायचं, एवढंसुद्धा चालेल. त्या पोराने तो बघून बिल काढलं का, कुठे अडला, मग तुम्ही काय बदललं, हे मागच्या बाजूला लिहा. मी माणसं घेतो तेव्हा आधी मागची बाजू वाचतो.

दुसरी चिठ्ठी आली. यावर नुसतंच ‘!!’ आहे. थांबतो. प्रश्न घेऊ. हो, ते निळ्या शर्टातले. पगार ना? विचारा, सुरुवात त्यानेच होणार हे ठाऊक होतं.