दोष बाटलीचा की सुधाकरचा?

मंडळी, 'एकच प्याला' म्हटलं की कोणीपण सांगेल, दारूच्या दुष्परिणामांचं नाटक. माझं म्हणणं जरा वेगळं आहे, पटलं नाही तर नंतर चहाला भांडा. नाटककार राम गणेश गडकरी जानेवारी १९१९ मध्ये गेले आणि लगेच पुढच्या महिन्यात गंधर्व नाटक मंडळीनं बडोद्याला हे नाटक लावलं, म्हणजे शंभरावर वर्षं झाली, आणि एवढी वर्षं आपण सगळं बाटलीवर ढकलून मोकळे.

नाटकाचा नायक सुधाकर पितो कशामुळे? कोर्टात मुन्सफाशी, म्हणजे न्यायाधीशाशी खटका उडतो, वकिलीची सनद काही काळासाठी जाते, आणि तो अपमान त्याला पचत नाही. स्वतःच्या हिमतीवर वर आलेला हुशार वकील, त्याला कोणी खाली बघायला लावलं हेच सहन होईना. ताठा आधीचाच, दारुड्या तळीरामानं फक्त पेला पुढे केला. मग घरात पैसा नाही, बायकोचं, सिंधूचं माहेर चांगलं खातंपितं, पण तिकडची मदत घ्यायची नाही. मान राखायचा सुधाकरचा आणि जात्यावर दळण दळायला कोण, तर सिंधू! आपल्याकडे मुंबईची मनीऑर्डर थांबली तरी "माहेरी कळता नये" म्हणून बायांनी किती दिवस पेजेवर काढले असतील, ते इथल्या आज्यांना विचारा, त्यांच्यापैकी कितीजणींचा नवरा पीत पण नव्हता.

आणि भांडतं कोण बघा. पद्माकर भाऊ म्हणून तिला न्यायला येतो, सुधाकर नवरा म्हणून अडून बसतो, रामलाल मित्र म्हणून मध्ये पडतो, तिघेही पुरुष आणि विषय सिंधूचा. तिच्या वाट्याला 'कशि या त्यजूं पदाला'. पद सुंदरच आहे हो, बालगंधर्वांनी ते अजरामर केलं, पण पतिव्रता लिहिली पुरुषानं, पदं केली वि. सी. गुर्जरांनी, लुगडं नेसून गायली पण पुरुषानंच. आपल्या दशावतारात पण तेच, बायांची कामं पुरुषच करतात, त्यामुळे आपल्याला त्यात काही खटकत नाही. शेवटी नवऱ्याच्या काठीनं मूल गेलं, स्वतः मरायला टेकली, तरी फौजदारासमोर खोटं बोलून त्यालाच वाचवते. प्रेक्षक रडतो. मला तिथे राग येतो.

उलट उत्तर देणारी एकच बाई, तळीरामाची बायको गीता. नवऱ्याला ती तोंडावर सुनावते, आणि तिला गडकऱ्यांनी ठेवलंय विनोदी प्रवेशात, म्हणजे ती खरं बोलली की आपण हसायचं.

माझा खरा मुद्दा मात्र रामलाल. हा दारूच्या थेंबाला शिवत नाही, शिकलेला, सुधारक, सगळ्यांना उपदेश करणारा. पण सुधाकरची बालविधवा बहीण शरद, जिला मुलीसारखी सांभाळायची, तिच्यावरच त्याचं मन जातं आणि भगीरथ नावाच्या तरुणाचं तिच्यावर प्रेम आहे म्हटल्यावर साहेबांना मत्सर! नंतर भानावर येतो, ते मान्य. पण शुद्धीतल्या माणसालाही बाई आपल्या ताब्यातली वाटते, हे गडकऱ्यांनी दाखवलंय, मग दारूवर सगळं कसं टाकता?

पण आपल्या हौशी मंडळांत वेळ वाचवायला कात्री लागते ती नेमकी शरदच्या प्रवेशांना. यंदा नाट्यस्पर्धेला कोणी हे नाटक बसवत असेल तर ते प्रवेश ठेवा, हवं तर दोनचार पदं कमी करा. बघा, पदं कमी करा म्हटल्यावर पहिल्या रांगेतले दोन काका लगेच उठले.