तीन शतांश मिलिमीटरचा कातळ

कसारा घाटातला, जुन्या नावाने थळ घाटातला, हा कातळ आहे. त्याच्या काळ्या अंगात रुतलेल्या फिकट पट्ट्या म्हणजे प्लॅजिओक्लेज फेल्डस्पार या खनिजाचे स्फटिक असून त्यांतील काही बोटाच्या दोन पेरांएवढे लांब भरतात. सुमारे ६ कोटी ६० लाख वर्षांपूर्वी दख्खनच्या पठारावर लाव्हाचे थरावर थर पसरत गेले, त्यांपैकी हा एक. शिलारस जमिनीखाली साठून होता तेव्हाच हे मोठे स्फटिक सावकाश वाढले होते. भोवतालचा काळा भाग मात्र लाव्हा पृष्ठावर आल्यावर झपाट्याने निवला, आणि त्यातले कण इतके बारीक राहिले की साध्या भिंगाखालीही ते वेगळे ओळखू येत नाहीत.

ते पाहायचे तर प्रकाश खडकाच्या आरपार गेला पाहिजे. त्यासाठी खडकाचा पातळ छेद, म्हणजे काप, करतात, आणि भूशास्त्राच्या या प्रयोगशाळेत तो आजही हातानेच होतो.

हिऱ्याच्या कणांनी मढवलेल्या पात्यावर, पाण्याच्या धारेखाली, खडकाची चकती कापली जाते. विद्यार्थी ज्यांना काका म्हणतात ते तंत्रज्ञ तिची एक बाजू काचेच्या तक्त्यावर कार्बोरंडम या अतिशय कठीण पदार्थाची पूड आणि पाणी घेऊन घासतात. आधी जाडी पूड, मग बारीक, आणि प्रत्येक वेळी चकती, तक्ता व हात स्वच्छ धुऊन, कारण जाड पुडीचा एक कण मागे राहिला तरी चरा उमटतो. गुळगुळीत झालेली बाजू काचपट्टीवर चिकटवली जाते. पूर्वी त्यासाठी कॅनडा बाल्सम नावाची झाडाची राळ तापवून वापरत, आता इपॉक्सी हा कृत्रिम गोंद वापरतात. त्यानंतर उरलेला दगड कापून टाकतात आणि खरे काम सुरू होते. छेद ०.०३ मिलिमीटरवर, म्हणजे साध्या कागदाच्या जेमतेम एक तृतीयांश जाडीवर, आणायचा असतो.

काकांची बोटे इथे जवळून पहावीत. चार-सहा वेढे घासायचे, छेद धुवायचा, सूक्ष्मदर्शकाखाली धरायचा, पुन्हा घासायचे. जाडी ते रंगावरून ओळखतात. छेद जाड असतो तोवर प्लॅजिओक्लेज पिवळसर दिसते; तो पिवळेपणा जाऊन राखाडी छटा आली की हात थांबतो. क्षणभर अधिक घासले गेले तर कडेचा खडक पुडीबरोबर वाहून जातो.

इंग्लंडमधील शेफील्डच्या हेन्री सॉर्बी यांनी १८४९ च्या सुमारास खडकांचे असे छेद करायला घेतले. दात आणि हाडे यांचे छेद करण्याची रीत त्यांनी पाहिली होती, तीच त्यांनी दगडाला लावली. डोंगराचा अभ्यास सूक्ष्मदर्शकाने करायचा, या कल्पनेला तेव्हा लोक हसले होते.

आता छेद ध्रुवण सूक्ष्मदर्शकाच्या फिरत्या पीठावर, म्हणजे नमुना ठेवायच्या गोल तबकडीवर, आहे. खालची ध्रुवक पट्टी प्रकाशाला एकाच दिशेने कंप पावू देते आणि वरची पट्टी नेमकी तीच दिशा अडवते, म्हणून मध्ये काही नसेल तेव्हा काळोख दिसतो. स्फटिक मध्ये आला की तो किरणाचे दोन भाग करतो. ते वेगवेगळ्या गतीने जातात, पुन्हा एकत्र येतात, आणि काळ्या पाषाणातून रंग उमटतात. घोंगडीच्या काठासारखे काळे-पांढरे पट्टे ज्यात आहेत ते प्लॅजिओक्लेज. पीठ फिरवले की काळे पट्टे उजळतात आणि पांढरे विझतात. निळे, पिवळे, नारिंगी कण ऑजाइट या दुसऱ्या खनिजाचे आहेत. पीठ कितीही फिरवले तरी जे काळेच राहते, ते एकतर मॅग्नेटाइटसारखे अपारदर्शक खनिज आहे, किंवा स्फटिक व्हायला सवड न मिळालेली काच.

छेदातल्या एका दृश्यापाशी थोडे थांबू. ऑजाइटच्या एकाच मोठ्या कणाने प्लॅजिओक्लेजच्या कितीतरी बारीक काड्यांना कवेत घेतले आहे. म्हणजे काड्या आधी तयार झाल्या आणि ऑजाइट त्यांच्याभोवती वाढले. खडकाची पूड करून तपासणाऱ्या यंत्रातून मूलद्रव्यांचे प्रमाण अचूक मिळते, पण कोण कोणाला बिलगून वाढले हे त्या पुडीत उरत नाही. म्हणूनच हा हातचा छेद अभ्यासक्रमातून गळता कामा नये, असे आम्हाला मनापासून वाटते.

काँक्रीटसाठी खडी निवडतानाही असे छेद पाहतात, कारण खडीतील काही प्रकारची सिलिका सिमेंटमधील अल्कलीशी प्रक्रिया करते आणि काँक्रीटला तडे जातात.

काका काचपट्टीच्या टोकाला हिऱ्याच्या लेखणीने क्रमांक कोरतात आणि ती लाकडी पेटीतल्या खाचेत सरकवतात. तक्त्यावरच्या पाण्यात घाटातला उरलेला दगड करड्या गाळासारखा खाली बसत आहे.