शुक्रवारची सोबत

श्रोतेहो, नमस्कार. परदेशात शिकायला गेलेलं मूल ज्यांच्या घरात आहे, त्यांनी आज जरा कान देऊन ऐका. ज्यांच्या घरात नाही त्यांनीही ऐकायला हरकत नाही; हल्ली कोणाच्या घरी कधी व्हिसाचे पेढे वाटले जातील, सांगता येत नाही.

विषय असा आहे: विद्यापीठाच्या आवारात वातावरण तापलेलं असताना तिथल्या ज्यू विद्यार्थ्यांच्या सोबतीला कसं राहायचं?

७ ऑक्टोबर २०२३ ला हमासने इस्रायलवर हल्ला केला. सुमारे बाराशे माणसं मारली गेली, अडीचशेच्या आसपास ओलीस नेली गेली. मग गाझात युद्ध सुरू झालं आणि तिथे हजारोंनी माणसं मेली, त्यात कितीतरी मुलं. हे तुम्ही बातम्यांत ऐकलेलं आहे, उजळणी करत नाही. त्याची धग अमेरिकेतल्या विद्यापीठांपर्यंत गेली. तिथे मोर्चे निघाले, आवारात तंबू ठोकले गेले, घोषणा झाल्या. आंदोलन करण्याचा हक्क त्या मुलांना आहेच, त्याबद्दल मी आज एक शब्द बोलणार नाही. पण त्याच महिन्याच्या शेवटी न्यूयॉर्क राज्यातल्या कॉर्नेल विद्यापीठात काय झालं ते ऐका. ज्यू विद्यार्थी जिथे जेवतात त्या कोशेर, म्हणजे ज्यू धर्माचे खाण्याचे नियम पाळणाऱ्या, भोजनगृहाचं नाव घेऊन कोणीतरी इंटरनेटवर धमकी दिली, की तिथे येऊन गोळ्या घालीन. मुलांना निरोप गेला, त्या इमारतीकडे फिरकू नका. बाहेर पोलीस उभे राहिले. ३१ ऑक्टोबरला एकाला अटक झाली. तो बाहेरचा कोणी गुंड नव्हता बरं का, त्याच विद्यापीठात शिकणारा मुलगा होता. ३ नोव्हेंबरला विद्यापीठाने वर्गच बंद ठेवले. पुढे २०२४ च्या ऑगस्टमध्ये त्याला एकवीस महिन्यांची शिक्षा झाली.

आता विचार करा. धमकी कुठली, तर जेवायच्या जागेची. घर सोडून राहिलेल्या मुलाला मेस बंद झाली म्हणजे काय होतं, हे पुण्यात कॉट बेसिसवर राहिलेल्या कोणालाही विचारा.

इथे माझ्या भाच्याची गोष्ट सांगते. ऐकणारा भेटला की मी ती सांगतेच, घरातले आता उठून जातात.

हा भाचा त्याच राज्यात, पण दुसऱ्या एका विद्यापीठात. प्रयोगशाळेत त्याच्या शेजारच्या टेबलावर न्यू जर्सीचा एक ज्यू मुलगा. बऱ्यापैकी धार्मिक, डोक्यावर ती छोटी गोल टोपी, किप्पा म्हणतात तिला. कॉर्नेलची बातमी आली त्या आठवड्यात या मुलाने किप्प्यावर बेसबॉलची टोपी घालायला सुरुवात केली. दुपारी जेवायला जाईना. टेबलापाशीच बसून राहायचा, चिप्सची पिशवी फोडायचा.

भाचा आमच्या घरचा, त्यामुळे समोरचा उपाशी दिसला की त्याला चैन पडत नाही. त्याने दुसऱ्या दिवशी स्टीलच्या डब्यात कांदेपोहे करून नेले. वर खोबरं, कोथिंबीर, सगळं साग्रसंगीत. तो मुलगा फार अवघडला. थँक्यू म्हणाला, डबा हातात घेतला, झाकण उघडून वासही घेतला, आणि परत दिला. भाच्याला वाटलं, पोरगा दुखावलाय, आपल्यावरही विश्वास उरला नाही याचा. रात्री मला फोन. "मावशी, त्याने पोहे खाल्ले नाहीत गं."

मी म्हणाले, "अरे, तुझी पणजी सोवळ्यात असताना शेजारणीने आणलेला शिरा खायची का? शेजारणीवर राग होता का तिचा? तसंच आहे हे."

कोशेर पाळणाऱ्याला पदार्थ शाकाहारी आहे एवढ्याने भागत नाही. तो कोणत्या भांड्यात शिजला, त्या भांड्यात आधी काय शिजलं होतं, हेही पाहावं लागतं. मला हे ठाऊक होतं, कारण माझं आजोळ अलिबागचं. तिथे इस्रायल आळी आहे, सिनेगॉग म्हणजे ज्यूंचं प्रार्थनास्थळ आहे, आणि आजीच्या लहानपणी घाण्याचं तेल शनिवार तेल्यांकडूनच यायचं. बेने इस्रायली मंडळी ती, म्हणजे आपल्या कोकणातले ज्यू. शनिवारी घाणा बंद, म्हणून शनिवार तेली. मराठी बोलणारी, नऊवारी नेसणारी, किहीमकर, रोहेकर, दिवेकर अशा आडनावांची. (आपल्याकडे हल्ली ज्यू म्हटलं की लोक एकदम मोसादच्या गोष्टी सांगायला लागतात. अहो, शेजारच्या आळीत दोन हजार वर्षांची परंपरा सांगणारे लोक राहत होते, त्यांच्या मलिद्याच्या, म्हणजे त्यांच्या नवसाच्या गोड पोह्यांच्या, ताटाची माहिती नाही, आणि गुप्तहेरांची मात्र खडान्‌खडा. असो.)

तर मी भाच्याला सांगितलं, पोहे राहू देत, त्यालाच विचार, काय चालेल? त्याने विचारलं. उत्तर अगदी सोपं निघालं. न कापलेली फळं चालतात. ज्या बंद पाकिटावर गोलात यू अक्षराची खूण असते, ते चालतं. अमेरिकेत दुकानातल्या कितीतरी साध्या वस्तूंवर ती खूण असते, आपण पाहत नाही इतकंच. मग प्रयोगशाळेतल्या पोरांना नादच लागला. दुकानात जायचं आणि पाकिटं उलटीपालटी करून ती खूण शोधायची. एक तुर्की मुलगी होती, तिला ती सगळ्यात आधी सापडायची. कागदी बश्या आणल्या, केळी आणली, दही आणलं, आणि दुपारी सगळे एकत्र बसायला लागले. युद्धाबद्दल चकार शब्द नाही.

आता शुक्रवार. शुक्रवारी सूर्य मावळला की शब्बाथ, म्हणजे ज्यूंचा आठवड्याचा विश्रांतीचा दिवस, सुरू होतो, तो शनिवारी रात्रीपर्यंत. त्या वेळात हा मुलगा फोनला हात लावत नाही. आणि विद्यापीठाची धोक्याची सूचना येते कशावर? फोनवर! म्हणजे ज्याला धोका जास्त, नेमकी त्याच्यापर्यंतच सूचना पोचत नाही. हे भाच्याच्या लक्षात आलं, आणि तो म्हणाला, मी येतो बरोबर, माझा फोन चालू राहील. संध्याकाळी प्रार्थनेला जाताना दोघं चालत गेले. हा बाहेरच्या खोलीत बसून राहिला, जेवण झाल्यावर दोघं चालत परत.

वसतिगृहाच्या दाराशी आले. दार कार्डाने उघडणारं, विजेचं. तो मुलगा दारासमोर उभा. भाचाही उभा. नोव्हेंबरची थंडी, नाकातून पाणी. तो म्हणाला, "बाहेर फार गार आहे नाही?" भाचा म्हणाला, "हो ना, फारच." पुन्हा दोघं उभे. मग तो म्हणाला, "आत बहुतेक हीटर चालू असेल." भाचा म्हणाला, "असणारच!" तरी दोघं उभेच! शेवटी आतून कोणी पोरगी बाहेर आली, दार उघडलं, आणि दोघं आत शिरले. रविवारी उलगडा झाला. शब्बाथला तो विजेवरचं दार स्वतः उघडत नाही, आणि दुसऱ्याला सरळ 'उघड' असं सांगतही नाही. नुसतं सुचवतो. बाहेर गार आहे म्हणजे कार्ड लाव बाबा!

पुढच्या शुक्रवारी भाचा रस्त्यातच खिशातून कार्ड काढून हातात धरून चालत होता.

त्या मुलाचं युद्धाबद्दल मत काय, भाच्याला आजही धड माहीत नाही. तुम्हाला हेच सांगायचंय. पुन्हा सांगते, नीट ऐका: ज्यू विद्यार्थी म्हणजे इस्रायलचं सरकार नव्हे. त्याला पाहिल्या पाहिल्या "तुमचे लोक तिकडे काय करतायत?" असं विचारू नका. जेवलास का, विचारा. कुठे जायचंय, मी येऊ का, विचारा. मत सांगावंसं वाटलं तर तो सांगेल, आणि ते तुमच्या अंदाजाबाहेरचंही असेल. २०२४ च्या एप्रिलमध्ये कोलंबिया विद्यापीठात गाझासाठी तंबू ठोकून बसलेल्यांत ज्यू मुलंही होती. वल्हांडण या ज्यू सणाचं जेवण, सेदर, त्यांनी तिथेच तंबूंमध्ये केलं. आणि त्याच आठवड्यात त्याच आवारातली दुसरी ज्यू मुलं घाबरून घरी निघाली होती. दोघंही ज्यूच.

विद्यापीठांचं म्हणाल, तर ती मंडळी वकिलांना विचारून बोलतात. ५ डिसेंबर २०२३ ला हार्वर्ड, पेनसिल्व्हेनिया आणि एमआयटी या तिघांच्या अध्यक्षांना अमेरिकी संसदेत विचारलं, की ज्यूंच्या वंशसंहाराची हाक देणं तुमच्या नियमांच्या विरुद्ध आहे का? तर उत्तर आलं, ते संदर्भावर अवलंबून आहे. कायद्याच्या पुस्तकात असेलही बरोबर. पण ऐकणाऱ्या मुलाला काय वाटलं असेल? त्यातल्या दोघींना महिन्याभरातच पद सोडावं लागलं. परिपत्रकाच्या भाषेत बोललं की माणूस असाच तोंडघशी पडतो, मग ते हार्वर्डचं असो नाहीतर आपल्या जिल्हा परिषदेचं.

अमेरिकेतल्याच डार्टमथ कॉलेजचं उदाहरण मला जास्त आवडतं. तिथे ज्यू अभ्यास आणि मध्यपूर्व अभ्यास या विभागांचे प्राध्यापक आधीपासून एकमेकांचे स्नेही. सुझॅना हेशेल आणि बैरुतमध्ये वाढलेले तारेक अल-अरिस. ७ ऑक्टोबरच्या हल्ल्याला आठवडा उलटायच्या आत या विभागांनी मिळून खुल्या सभा घेतल्या, खोली पुरली नाही. स्नेह आधीचा होता म्हणून जमलं. भांडण पेटल्यावर ओळख करून घ्यायला गेलं तर जमत नाही. अर्थात, तिथेही सगळं गोड झालं नाही. १ मे २०२४ ला त्याच आवारात पोलिसांनी ८९ जणांना पकडलं, आणि त्यात ज्यू अभ्यास विभागाच्या एक माजी प्रमुखच होत्या, साठीच्या पुढच्या. त्यांना जमिनीवर पाडलं गेलं.

आणि हे फक्त ज्यू मुलांपुरतं नाही. २०२३ च्या नोव्हेंबरात व्हरमाँटमधल्या बर्लिंग्टनला तीन पॅलेस्टिनी विद्यार्थी रस्त्याने चालले होते, त्यांच्यावर गोळ्या झाडल्या गेल्या. सोबत त्यांनाही लागते. एकाला दिली म्हणून दुसऱ्याची कमी होत नाही.

वेळ संपत आलीय, काचेपलीकडून हात दाखवतायत. एक कामाचं सांगते. ज्यू सण सूर्यास्ताला सुरू होतात आणि आपल्यासारखेच तारखेने दरवर्षी पुढेमागे होतात. योम किप्पूर म्हणजे प्रायश्चित्ताचा दिवस, त्याचा उपास कडक, पाणीसुद्धा नाही, आणि तो सत्राच्या सुरुवातीलाच येतो, सप्टेंबर-ऑक्टोबरात. त्या दिवशी परीक्षा लागली तर आधी जाऊन बोलावं लागतं, आणि वातावरण तापलेलं असलं की मुलं बोलायला बिचकतात. तुमच्या मुलामुलींना सांगा, कॅलेंडर बघून ठेवा. मित्राची परीक्षा त्या दिवशी येत असेल तर त्याच्याबरोबर प्राध्यापकांच्या खोलीपर्यंत जा आणि बाहेर थांबा. आत काय बोलायचं ते तो बघेल. नमस्कार.